निशिगंधा डॉक्टरीण आणि जमनीबाईची म्हैस

बोरी अरबला बसस्टँडपासून थोडं पुढं गेलं की खतबियाण्याच्या दुकानाला लागून एक गाळा आहे. शटरवर हिरव्या रंगात गाय काढली आहे आणि तिच्या पोटाखाली डॉक्टरचं नाव लिहिलं आहे, डॉ. निशिगंधा गावंडे. गाय काढणाऱ्या पेंटरनं तिला वशिंड जरा जास्तच मोठं दिलं. गावातली टारगट पोरं म्हणायची, डॉक्टरीणबाईनं पहिले या गाईचीच सूज उतरवावी.

निशिगंधा बाभुळगावची. वडील पुंडलिकराव कापूस, सोयाबीन, तूर करणारे, घरी बैलजोडी आणि दोन गाई. लहानपणी गोठ्यात एक कालवड डोळ्यांदेखत फुगून मेली. तेव्हापासून पोरीनं गुरांची डॉक्टर व्हायचं मनात घेतलं आणि झालीही. अभ्यासात ती कधी मागं पडली नाही. बैल कितीही उधळत असो, तिची सुई पहिल्याच टोचणीत शिरेत जायची. आजारही ती बरोबर ओळखायची.

तिचं घोडं अडायचं ते माणसापाशी. जनावराच्या अंगात काय चाललंय हे तिला कळायचं, पण त्या जनावराच्या धन्याला काय सांगावं, कसं सांगावं, हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. समोरचा माणूस हात जोडून, डोळे मोठे करून उभा राहिला की तिच्या तोंडातून एकच वाक्य निघायचं, "होऊन जाईल, काळजी करू नका."

या वाक्यानंच तिचा घात केला. भगवानराव म्हणून बोरीतले एक वजनदार शेतकरी. त्यांच्या बैलाला ताप चढला आणि त्यानं खाणं टाकलं. डोळ्याच्या पापणीचं आतलं मांस पांढरंफटक पाहूनच निशिगंधा समजून चुकली होती, की आजार फार पुढं गेला. औषध तिनं दिलं ते बरोबरच दिलं. पण भगवानरावांनी विचारलं, "वाचन ना बाई?" आणि ती म्हणाली, "होऊन जाईल." बैल मेला.

भगवानराव भांडले असते तर बरं झालं असतं. पण ते पडले सज्जन. हॉटेलात चहा पिताना कुणी विषय काढला की हळूच म्हणायचे, "पोरगी चांगली आहे हो. औषधपाणीही चांगलं करते. फक्त तिच्या बोलण्यावर जाऊ नका."

शिवी गावात दोन दिवस राहते. असं गोड बोलणं मात्र कायमचं राहतं. हळूहळू लोक तिच्याकडं जंताची गोळी आणि गोचिडाचं औषध मागायलाच येऊ लागले. जनावर खरंच अडलं की सरकारी दवाखाना गाठायचे. पुंडलिकरावांनी फोनवर दोनदा सांगून पाहिलं, "नागपूरच्या औषध कंपनीत जागा आहे म्हणते तुह्यी मैत्रीण. दिवाळीपर्यंत पाह, नाहीतर शटर खाली घे. त्याच्यात काही लाज नाही." निशिगंधा हो म्हणाली होती. मनातून तिनं शटर अर्धं खाली घेतलंच होतं.

अशात एका दुपारी देवीलालचा फोन आला. अडाण नदीच्या पलीकडं बंजारा लोकांचा एक तांडा आहे. देवीलाल तिथला.

"मॅडम, म्हैस अडली. सकाळपासून कळा देऊन राह्यली, पिल्लू काही येत नाही. सरकारी डॉक्टर लसीकरणाले गेलते, त्यायचा फोन लागत नाही. तुम्ही येता का?"

म्हणजे आपण दुसऱ्या नंबरवर, हे तिला कळलं. तरी ती उठली. कारण त्या तांड्यात म्हशी पुष्कळ. घरोघरी खवा भाजतात आणि तो यवतमाळच्या मिठाईवाल्यांकडं जातो. आजपर्यंत तांड्यानं तिला कधी बोलावलं नव्हतं. तिथलं दार उघडलं तर तिचा दवाखाना चालेल. आणि सगळ्या तांड्यादेखत म्हैस हातात मेली, तर शटर खाली घ्यायला दिवाळीची वाट पाहावी लागणार नाही. स्कूटी चालवताना हा हिशोब तिच्या डोक्यात घोळत होता.

म्हैस कडुनिंबाखाली बांधली होती. काळीभोर, चकचकीत, शिंगं मागं वळलेली. शेपटी उचलून ती कळ द्यायची, पाठ कमान व्हायची, आणि काहीच बाहेर यायचं नाही. पिल्लाभोवतीची पाणमोटही फुटली नव्हती. निशिगंधानं हात कोपरापर्यंत धुतला, तेल लावलं आणि आत घातला.

वाट सरळ जात नव्हती. थोडं पुढं गेल्यावर हात आपोआप उजवीकडं वळत होता, आणि पिळून ठेवलेल्या ओल्या लुगड्यासारख्या घड्या बोटांना लागत होत्या. त्याच्या पुढं रस्ता बंद. पिल्लापर्यंत बोटं पोचेनात.

गर्भाच्या पिशवीला पीळ पडला होता. पुस्तकात याचं चित्र होतं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि तिला पैकीच्या पैकी मिळाले होते. इथं मात्र पाच-पंचवीस माणसं गोल करून उभी होती आणि सगळी तिच्या तोंडाकडं पाहत होती.

"एक फोन करून येते," असं म्हणून ती बाजूला गेली. कपिल तिच्याच वर्गातला, आता दुसऱ्या तालुक्यात सरकारी नोकरीत. त्याला तिनं सगळं सांगितलं.

"लोळवून पाहते," ती म्हणाली.

"येडी झाली का बे तू? पीळ आहे ना? मंग अकोल्याच्या मोठ्या जनावराच्या दवाखान्यात घेऊन जा म्हण. रेफर कर अन् निघ तिथून."

"टेम्पोत चढवेपर्यंत मरेल ती. अकोला काय जवळ आहे?"

"मंग मरू दे न टेम्पोत. तुह्या हातात त नाही मरणार! आधीच तुह्यं त्या बैलाचं झालं. अजून एक झालं त तुले कोणी कोंबडीही दाखवणार नाही."

कपिल वाईट पोरगा नव्हता. तिच्या भल्याचंच सांगत होता. फोन ठेवून ती तशीच उभी राहिली. मागं म्हशीनं पुन्हा कळ दिली. ते घोगरं, दाबलेलं कण्हणं ऐकलं आणि तिच्या मनानं घेतलं. टेम्पो नको.

ती देवीलालजवळ आली. पागोटंवाला, सडपातळ, अदबीनं बोलणारा माणूस. "काका, पिशवीला पीळ पडलाय. म्हशीला पाडून लोळवावं लागेल. करू का?"

देवीलालनं छाती जरा पुढं काढली. एवढी शिकलेली पोरगी आपल्याला विचारते आहे! "करा न मॅडम. माह्याकडून हो आहे."

"दोर लागेल, एक लांब फळी लागेल, आणि माणसं."

"सगळं भेटते. म्हैस वाचन ना पण?"

आणि तिच्या तोंडातून ते गेलंच. "होऊन जाईल, काळजी करू नका."

बोलल्याबरोबर तिला वाटलं, जीभ तोडून टाकावी. पण देवीलाल गर्दीकडं वळून मोठ्यानं सांगूनही मोकळा झाला होता, "डॉक्टरीणबाई म्हणते, होऊन जाईन!" तांड्याचा नायक बाबूसिंग खाटेवर बसला होता. पांढऱ्या मिशांचा म्हातारा. त्यानं मान हलवली. नायकासमोर बोललेला शब्द तांड्यात गंमत म्हणून राहत नाही. तो शब्द दिला असं धरतात.

माणसं कामाला लागली. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, जमिनीवर अंथरलं. कुणी बैलबंडीची फळी काढून आणली. चौघांनी म्हशीच्या अंगाभोवती दोर टाकला आणि ओढायला घेतला. म्हैस डगमगली, पुढचे गुडघे वाकले.

"हात काढा!"

वेचणीचा कापूस डोक्यावर घेऊन एक बाई वावराकडून येत होती. तिनं गाठोडं तिथंच धुळीत टाकलं आणि तरातरा आली. पन्नाशीची असेल. चौघांनी दोर असा सोडला, जसा काही त्याला विस्तव लागला.

"कोण हाय हे?" तिनं निशिगंधाकडं बोट केलं.

"डॉक्टरीण," देवीलाल म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला होता. "म्हैस अडली न, म्हून बलावली."

"कोणाले इचारून दोर लावला?"

"मले इचारलं त्यायनं."

"तुले?" ती बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुह्या मायनं देल्ती का म्हैस?"

गर्दी हसली. देवीलालनं पागोटं सारखं केलं.

ती जमनी, देवीलालची बायको. आणि म्हैस तिची होती. तिच्या आईनं लग्नात वगार, म्हणजे म्हशीची पारडी, दिली होती, त्या वगारीच्या पोटची ही तिसरी पिढी. त्या तांड्याची रीतच आहे, की लेकीला माहेरातून दिलेलं जनावर आणि त्याचा वंश लेकीचाच. नवऱ्यानं चारावं, धुवावं, दूधही काढावं. पण ते विकणं, आणि ते दोर लावून पाडणं, तिच्या शब्दाशिवाय होत नाही. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते निशिगंधाला. बाभुळगावला त्यांच्या गोठ्यातलं जनावर वडिलांच्या नावाचं. गाई-बैलाच्या बाबतीत कुणी तिच्या आईला, विमलताईंना, काही विचारल्याचं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणून पागोटं दिसलं, आणि तिनं पागोट्याला विचारलं.

म्हशीनं पुन्हा कळ दिली. या वेळी तिच्या तोंडातून फेस आला. निशिगंधाला आतून ओरडावंसं वाटत होतं, की बाई, भांडण नंतर कर, वेळ जातोय. पण जमनी म्हशीपुढं आडवी उभी होती आणि बाबूसिंग नायक खाटेवरून उठला होता.

"मावशी," निशिगंधा म्हणाली, "चुकलं माझं. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. आता विचारते."

"काय इचारतं?"

निशिगंधानं खांद्यावरची औषधांची पिशवी काढली. पट्ट्याला धरून लोंबती ठेवली आणि खालून गरकन फिरवली. पट्ट्याला पीळ बसला. "पोटात पिल्लाची पिशवी अशी फिरली. तोंडाजवळ पीळ पडला. आता म्हैस कितीही जोर लावू दे, वाटच बंद आहे."

जमनीनं पाहिलं. "मंग उलटी फिरव."

"पिशवी पोटात आहे. तिला धरून फिरवता येत नाही. म्हणून पोटावर फळी ठेवून तिला जागीच दाबून धरायचं, आणि म्हैसच फिरवायची. पीळ जिकडं गेला तिकडंच." तिनं पिशवी पोटाशी घट्ट धरली आणि पट्टा फिरवला. पीळ उलगडला.

"हां हां. मॅडम म्हणते, होऊन जाईन," देवीलाल मधातच म्हणाला. जमनीची नजर पिशवीवरून निशिगंधाच्या तोंडावर आली.

"हा म्हणते होऊन जाईन. खरं हाय?"

तेच वाक्य पुन्हा निशिगंधाच्या जिभेच्या टोकाशी येऊन उभं राहिलं होतं. एवढं म्हटलं की दोर पुन्हा ओढला जाईल, काम सुरू होईल, वेळ वाचेल. आणि म्हैस मेली तर?

"नाही," ती म्हणाली. "ते मी बोलायला नको होतं. होईलच असं सांगता येत नाही." तिनं पिशवी खाली ठेवली. "पीळ सुटला तर म्हैस वाचेल, असं मला वाटतं. पण लोळवताना पिशवी फाटू शकते. तसं झालं तर म्हैस इथंच जाईल, तुमच्यासमोर. पिल्लापर्यंत माझा हात पोचला नाही. बहुतेक ते गेलेलं असेल. आणि काहीच केलं नाही, तर दोन्ही जातील."

"तू किती म्हशी लोळवल्या आजलोग?"

हा प्रश्न तिला कॉलेजात कुणी विचारला नव्हता. "आमचे सर लोळवत होते, तेव्हा मी दोर धरला होता. एकटीनं एकही नाही."

गर्दीत गोविंदा नावाचा एक आडदांड गडी होता. तो फस्सकन हसला. "म्हंजे आमच्या म्हशीवर शिकून राह्यली!"

"गप्प बे," बाबूसिंग म्हणाला.

"आणि माझी फी," निशिगंधा म्हणाली. एरवी फी सांगताना ती जमिनीकडं पाहायची. आज तिनं जमनीकडं पाहून आकडा सांगितला. "म्हैस वाचली तरी तेवढीच, गेली तरी तेवढीच. हेही आधीच सांगते, म्हणजे मागून वाकडेपणा नको. तुम्ही नाही म्हटलं तर मी आत्ता परत जाते. रागही धरणार नाही."

जमनी वळली आणि म्हशीजवळ गेली. तिनं शिंग धरलं, कपाळाला कपाळ लावलं आणि आपल्या बोलीत हळू हळू काहीतरी बोलत राहिली. म्हशीचे कान हलले. निशिगंधाला म्हशीचा घरघरता श्वास ऐकू येत होता.

"जमनी," बाबूसिंग म्हणाला, "म्हैस तुह्यी. हो म्हण का नाही म्हण. बाई जे बोलली ते आम्ही सगळ्यायनं ऐकलं."

जमनीनं पाठ न वळवता सांगितलं, "लोळवा." मग वळून म्हणाली, "पण डोकं मी धरीन. अन् फळीवर हा नाही पाह्यजे," तिनं देवीलालकडं हनुवटी उडवली, "याच्या वजनानं त कुटारही दबत नाही. गोविंदाले उभा करा."

"पाह, माह्यं खाल्लेलं आज कामी आलं," गोविंदा म्हणाला, पण आता हसत नव्हता.

म्हैस पाडली. उजव्या कुशीवर. पुढचे पाय एका दोरात, मागचे दुसऱ्यात. फळी पोटावर तिरपी ठेवली, एक टोक जमिनीला टेकवलं आणि गोविंदा तीवर उभा राहिला. निशिगंधानं त्याला कुठं जोर द्यायचा ते दाखवलं. "फळी सरकू द्यायची नाही. म्हैस फिरेल, तुम्ही तिथंच." पायाच्या दोरांना माणसं लागली. जमनी मांडी घालून म्हशीचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

"ओढा! एकदम!"

पाय आभाळाकडं गेले, एवढं मोठं काळं धूड पाठीवरून पलीकडं डाव्या कुशीवर गेलं. धूळ उडाली. निशिगंधा गुडघ्यावर बसली, हात आत घातला. घड्या तशाच होत्या.

"नाही सुटला. परत."

म्हशीला पुन्हा उजव्या कुशीवर घेतलं, हळूच, पोटाच्या बाजूनं. पुन्हा फळी, पुन्हा ओढ. म्हशीनं असा आवाज काढला की बायांनी पदर तोंडाला लावले. हात आत. घड्या तशाच. उलट निशिगंधाला वाटलं, की घट्ट झाल्या. की दिशाच चुकली? उजवा म्हणता म्हणता डावा तर नव्हता? तिच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तिनं डोळे मिटले आणि बोटांनीच पुन्हा पाहिलं. घडी वरून उजवीकडं खाली जात होती. उजवाच. दिशा बरोबर होती.

"मॅडम, राहू द्या आता," देवीलाल रडकुंडीला आला होता. "जीव जाईन तिचा."

निशिगंधानं जमनीकडं पाहिलं. देवीलालकडं पाहिलंच नाही. "मावशी, दिशा बरोबर आहे. फळी मागं सरकत होती म्हणून पिशवी सोबत फिरली. आणखी एकदा करायचं म्हणते. तुम्ही सांगा."

जमनीचं तोंड घामानं आणि धुळीनं माखलं होतं. तिनं म्हशीच्या डोळ्यावरची माशी उडवली. "कर."

या वेळी तिनं गोविंदाच्या जोडीला अजून एकाला फळीचं टोक दाबायला बसवलं. "मी म्हणेपर्यंत कुणी ओढायचं नाही." म्हशीची कळ ओसरायची तिनं वाट पाहिली. पोट सैल पडलं. "आता!"

म्हैस एका झटक्यात पलटली. निशिगंधाचा हात आत गेला, आणि गेला तसा पुढं जात राहिला. घड्या नव्हत्या. वाट सरळ होती. आणि मग गरम पाण्याचा लोंढा तिच्या हातावरून, ओढणीवरून खाली कुटारात आला.

"सुटला!" ती ओरडली. तांड्यात एकच गलका झाला. गोविंदा फळीवरून उडी मारून उतरला. देवीलालनं पागोटं काढून तोंड पुसलं.

फक्त निशिगंधाचा हात अजून आत होता, आणि तिचं तोंड हळूहळू उतरत गेलं. पिल्लाचा पाय हाताला लागला होता. तिनं खुराच्या बेचक्यात चिमटा घेतला. पाय हलला नाही. त्याच्या तोंडात बोट घातलं. जीभ सैल पडलेली, बोट चोखेना.

"मावशी," तिनं गलक्यातच सांगितलं, "पिल्लू गेलंय. आता काढते ते मेलेलंच येईल."

गलका थांबला. दोरी लावून, कळेसोबत ओढत तिनं पिल्लू बाहेर घेतलं. वगार होती. काळी, पुऱ्या दिवसांची. तिला कुटारावर ठेवलं तेव्हा बायांच्या तोंडून "अरेरे" निघालं. वगार म्हणजे पुढची म्हैस. जमनीच्या आईच्या वंशाची चौथी पिढी तिथं पडली होती.

देवीलालच्या डोळ्यात पाणी आलं आणि पाण्यासोबत रागही आला. "तू मधात आली नस्ती," तो जमनीला म्हणाला, "त वगार जित्ती राह्यली अस्ती. आम्ही कवाचीच लोळवली अस्ती. तुह्याच हट्टानं गेली ते."

गर्दीत कुजबूज झाली. एकदोघांनी माना हलवल्या. खरंच तर होतं, केवढा वेळ गेला त्या बोलाचालीत. जमनीच्या ओठाचं एक टोक फक्त हललं.

निशिगंधा हात पुसत होती. तिनं काही बोलायची गरज नव्हती. गप्प राहिली असती तर डॉक्टरीण सुटत होती. पीळ तिनं सोडवला, म्हैस तिनं वाचवली, वगार गेली ती बाईच्या हट्टानं. उद्या बोरीतही हेच सांगितलं गेलं असतं, आणि हे सांगणं तिच्या फार सोयीचं होतं. एवढं सगळं तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. नागपूर टळलेलंही दिसलं.

"नाही काका," ती म्हणाली. "तसं नाही झालं."

ती वगारीजवळ बसली. "नायककाका, तुम्हीही पाहा." तिनं वगारीच्या मानेवरून बोटं फिरवली, तर केस बोटांसोबत निघून आले. पापणी वर केली. बुबुळावर दुधासारखी साय आली होती. "आत्ता गेलेल्या पिल्लाचं असं होत नाही. ही कालच गेलीय. मी यायच्या आधी, मावशी वावरातून यायच्या कितीतरी आधी. मी आल्याबरोबर लोळवलं असतं तरी मेलेलीच निघाली असती. मावशींच्या थांबवण्यानं काही गेलं नाही."

"काल?" देवीलाल म्हणाला. "काल त हे नुसती अस्वस्थ होती. मले वाटलं, पोट दुखते, म्हून ओवा अन् गूळ देल्ला." बोलता बोलता त्याचा आवाज बसला, आणि आता सगळे त्याच्याकडं पाहू लागले.

"पीळ बाहेरून दिसत नाही काका," निशिगंधा घाईनं म्हणाली. "तुम्ही काय, मीही नुसतं बाहेरून पाहून ओळखला नसता. यात कुणाचा दोष नाही. पुढं एवढंच ध्यानात ठेवा, दिवस भरले आणि म्हैस अशी उठबस करायला लागली, तर त्याच दिवशी बोलवा."

बाबूसिंगनं वाकून वगारीचे केस दोन बोटांत धरून पाहिले, ते आले तसे सोडून दिले, आणि खाटेवर जाऊन बसला. बाया एकेक करून आपल्या घराकडं वळल्या. गोविंदा फळी उचलून घेऊन गेला. दोघांनी वगारीला पोत्यात घेतलं आणि नदीकडं निघाले.

निशिगंधाला वाटलं, संपलं. शाबासकी नाही, आभार नाहीत. मेलेली वगार आणि गप्प तांडा. उद्या कपिलला काय सांगायचं?

म्हैस मात्र उठली. आधी पुढचे पाय, मग धडपडत मागचे. उभी राहून तिनं अंग झटकलं आणि वास घेत इकडंतिकडं पाहू लागली. निशिगंधानं मानेच्या शिरेत सुई घातली, सलाईनची बाटली कडुनिंबाच्या फांदीला अडकवली आणि खाली दगडावर बसली. थोड्या वेळानं जमनी चहा घेऊन आली. एक कप तिच्या हातात दिला, पदराच्या गाठीतले पैसे तिच्या पिशवीच्या कप्प्यात कोंबले आणि शेजारच्या दगडावर बसली.

"त्याले इचारलं तुनं," ती म्हणाली. तिचा राग तसाच होता. "मले नाही इचारलं."

"हो मावशी."

"सगळ्या तांड्यासमोर मले धावत या लागलं. माह्या म्हशीसाठी. कापूस धुळीत गेला."

"चुकलं."

"चुकलं त चुकलं. पण पुढच्या येळी पहिले मले इचारजो. फोन आहे न तुह्याजोळ? घे माह्या नंबर. त्याचा काढून टाक."

निशिगंधानं कप खाली ठेवला आणि फोन काढला. बोटं ओली होती. आकडे नीट उमटेनात, म्हणून जमनीला नंबर पुन्हा सांगावा लागला.

"दूध देईन का आता हे?" जमनीनं विचारलं. "वगारीबिगर पान्हा सोडन का?"

निशिगंधानं म्हशीच्या कासेकडं पाहिलं. "काही म्हशी सोडतात, काही नाही सोडत. हिचं आज सांगता येत नाही. उद्या सकाळी वार पूर्ण बाहेर पडली का ते पाहायला येते, तेव्हा दोघी मिळून बसून पाहू. तोवर तिच्यापुढं तुम्हीच राहा, दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देऊ नका."

"दुसऱ्या कोणाले मी लावू देतो का?" जमनी म्हणाली.

बाजूच्या गोठ्याच्या कोपऱ्यातून देवीलाल खाकरला. जमनीनं तिकडं पाहिलंही नाही. बाटली संपायला अजून वेळ होता. दोघी चहा पीत, नळीतून टपकणाऱ्या थेंबांकडं पाहत बसून राहिल्या.